घरात न विचारायचा प्रश्न

कोपरीतल्या त्या जुन्या आळीत सकाळी भेटलेला माणूस "कसे आहात" असे विचारत नाही. तो विचारतो, "न्यारी झाली का?" न्यारी म्हणजे न्याहारी. उत्तर ठरलेले असते, "झाली." पोटात काही गेलेले असो वा नसो, उत्तर तेच.

हे असे का, ते काळुरामला कुणी समजावून सांगितले नव्हते. आळीतले नियम सांगून शिकवले जात नाहीत, पाळून शिकवले जातात. जो "नाही" म्हणेल त्याला विचारणाऱ्याने घरी नेऊन खाऊ घालायचे, आणि ज्याने "नाही" म्हटले त्याने ते खायचे. दोन्ही बाजूंना एवढे बंधन असल्यामुळे माणसे "झाली" म्हणत आणि आपापल्या वाटेला लागत. प्रश्नात माया होती, उत्तरात सोय होती. शिवाय एक पोटनियम होता. हा प्रश्न उंबऱ्याबाहेर विचारायचा. घरच्या माणसाला तो कुणी विचारत नसे. घरच्या माणसाला वाढतात.

काळुरामचे घराणे मिठागरात राबणारे. आगर बंद झाले, जमिनीचे तुकडे झाले, त्यांतल्या एकावर तीन मजल्यांची इमारत उभी राहिली, आणि ज्यांच्या बापजाद्यांच्या पोटऱ्या खाऱ्या पाण्याने फुटत त्यांना आळीत शेठ म्हणू लागले. काळुराम मात्र शेठ झाला नाही. महापालिकेत तो पाणी सोडण्याच्या कामावर लागला आणि त्याच कामावरून निवृत्त झाला. पहाटे लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातली लोखंडी झाकणे उचलायची, चावी खाली उतरवून फिरवायची. एकेका आळीतले नळ आधी नुसती हवा सोडत, खोकत, आणि मग वाहू लागत. लोक उठत तेव्हा त्याचे निम्मे काम उरकलेले असे.

परत आल्यावर त्याची बायको जया त्याला "बस" म्हणे.

एवढा एकच शब्द. तो ओट्याशेजारी पाटावर बसे. जया तव्यावरची तांदळाची भाकरी निखाऱ्यावर, आणि पुढे गॅस आल्यावर जाळीवर टाकी. भाकरी टम्म फुगे, आणि ती बोटाने तिला एक भोक पाडी. त्यातून निघणारी वाफ काळुरामच्या तोंडावर येईल अशा बेताने ती ताटली सरकवी. भाकरीबरोबर रात्रीचे बांगड्याचे कालवण असे. एका रात्रीत ते दाट झालेले, कडेला तेल सुटलेले. कालवण नसेल तर सुक्या जवळ्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि बिनदुधाचा चहा. पोर शाळेत गेलेले असे. जयाची सासू देवळात. अख्ख्या दिवसात नवराबायकोने समोरासमोर बसावे अशी तेवढीच वेळ. ती दोघे काही विशेष बोलत नसत. कुठल्या आळीत पाण्याला जोर नाही, कोण भांडायला आले होते, कुणाच्या मोटारीने पाणी ओढले, एवढेच. पण त्या ताटलीवरून उठताना काळुरामला असे वाटे की आजचा दिवस आपल्याला ओळखतो. हा आनंद आहे हे त्याला तेव्हा कळत नव्हते, आणि त्याला तसे कुणी सांगितले असते तर तो हसला असता. नियमित मिळणाऱ्या सुखाला आपण सवय म्हणतो, आणि सवयीची नोंद मन ठेवत नाही.

जया गेली ती गेल्या वर्षी, थंडी सुरू होण्याच्या सुमारास. ताप आला, रुग्णालयात नेले, परत आणले नाही. काळुराम रडला नाही. आलेल्या लोकांना बसायला सतरंज्या पुरतील का, वरच्या टाकीत पाणी आहे का, हे तो पाहत राहिला. दिवसकार्य झाले, पाहुणे गेले, तरीही तो तसाच राहिला. त्याला दुःख होत आहे असे त्याला वाटेना. भूक लागत नव्हती, इतकेच. चव गेली होती असेही म्हणता येणार नाही; कशाला चव आहे की नाही, याची चौकशीच त्याच्या आत बंद पडली होती. नळाची चावी कुणीतरी फिरवून ठेवली होती, आणि ती कुठल्या झाकणाखाली आहे हे आयुष्यभर चाव्या फिरवणाऱ्या त्या माणसाला आठवत नव्हते.

त्याला साखरेचा आजार होता. डॉक्टरने त्याच्या मुलाला, देवेशला, समोर बसवून सांगितले होते, "सकाळची गोळी घेतली की यांनी खाल्लंच पाहिजे. गोळी पोटात आणि पोट रिकामं, असं झालं तर एक दिवस हे रस्त्यात पडतील. मग उठतीलच असं नाही."

देवेश शीळफाट्याच्या पुढे एका कंपनीत होता. त्याची गाडी उजाडता उजाडता येई. जाता जाता तो विचारी, "पप्पा, गोळी घेतली ना?" काळुराम म्हणे, "घेतली." ते खरे असे.

घरातली दुसरी व्यक्ती म्हणजे सून, कृतिका. टिटवाळ्याची मुलगी, घाटावरून आलेल्या कुटुंबातली, डोंबिवलीच्या एका बँकेत नोकरी. तिच्या हाताला काम होते आणि मनाला घाई होती. ती सकाळी पोहे नाहीतर उपमा करी, स्टीलच्या डब्यात भरून टेबलावर ठेवी, शेजारी गोळी आणि पाण्याचा पेला. आणि चपला घालता घालता, गोड आवाजात, मुद्दाम शिकून घेतलेल्या उच्चारात विचारी, "बाबा, न्यारी झाली का?"

ती न्याहारी म्हणत नसे, नाश्ता म्हणत नसे. त्याच्या आळीचा शब्द ती वापरी. सासूच्या मागे सासऱ्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलावेत, एवढाच तिचा हेतू. लग्न होऊन आली तेव्हापासून हा प्रश्न ती फाटकाशी दिवसातून दहादा ऐकत होती. त्याचे उत्तर ठरलेले असते, हे तिला दिसले होते. तो कुठे विचारायचा नसतो, हे तिला दिसणे शक्य नव्हते. जे घडत नाही ते नवख्या माणसाला दिसत नाही.

पहिल्यांदा तो प्रश्न घरात ऐकला तेव्हा काळुरामने मान वर करून पाहिले. स्वयंपाकघर तेच होते, टेबल तेच, आणि तो त्या घरात उंबऱ्याबाहेरचा होता. त्याला राग आला नाही. राग यायलाही आत काहीतरी हलावे लागते. बाहेरच्या माणसाने जे उत्तर द्यायचे ते त्याने दिले.

"झाली."

"छान. येते हं, बाबा."

तेव्हापासून हे रोजचे झाले. ती गेली की तो गोळी घेई. मग डबा उघडून पाही, बंद करी, पुन्हा उघडी. अन्न टाकणे त्याच्या रक्तात नव्हते. म्हणून डबा घेऊन तो फाटकाशी जाई आणि पायरीवर एका कागदावर ते काढून ठेवी. आळीतला काळा कुत्रा त्या वेळेला हजर होऊ लागला. डबा धुऊन पालथा घातला की कृतिकेला संध्याकाळी तो तसा दिसे, आणि तिच्या मनाला बरे वाटे. ही फसवणूक आहे असा विचार काळुरामच्या मनात आला नाही. बऱ्याचशा फसवणुकी अशाच, काही न वाटता होतात.

समोरचा रवींद्र मोटारसायकल पुसता पुसता एकदा म्हणाला, "काका, काय चाललंय काय? कुत्रा बघा कसला भरलाय, नि तुमची पँट पडायला आलीय. डाएट एक्स्चेंज केलंत का दोघांनी?"

"वय झालं."

"कोणाचं? त्याचं पण झालंय की. न्यारी झाली का?"

"झाली."

वैशाखात एका सकाळी, गोळी घेऊन आणि डब्यातले कुत्र्याला घालून, काळुराम चालायला निघाला. पाय त्याला त्याच्या जुन्या फेरीवरून नेत असत. झाकणे आता दुसरी माणसे उचलत होती, पण वाट पायांना पाठ होती. रेल्वेच्या बाजूला नाल्यावर एक बुटका कठडा आहे. तिथवर पोहोचता पोहोचता त्याला घाम फुटला. हाताची बोटे आपोआप थरथरू लागली. तो कठड्यावर टेकला. समोरचा रस्ता पांढरा झाला, दुपारच्या उन्हात आगर होई तसा. आपण पडणार आहोत, हे त्याला स्पष्ट कळले. त्याची भीती वाटली नाही, आणि वाटत नाही याचेही नवल वाटले नाही.

नाल्यापलीकडच्या चाळीत शांताबाई राहत. त्यांचे यजमान धोंडिबा काळुरामच्या बापाबरोबर मिठागरात होते. शांताबाई रोज सकाळी बुद्धविहारात जाऊन बसत आणि याच वाटेने परतत. वर्षानुवर्षे दोघांची गाठ इथेच पडे, आणि वर्षानुवर्षे तेच बोलणे होई. आजही त्यांनी चालता चालताच विचारले, "काळुराम, न्यारी झाली का रे?"

"नाय," काळुरामचे तोंड म्हणाले.

शांताबाई चार पावले पुढे गेल्या होत्या. त्या थांबल्या, वळल्या.

"काय बोललास?"

"नाय झाली, काकी."

म्हाताऱ्या बाईने त्याच्या कपाळाला हात लावला, घाम पाहिला. पिशवीतून वाण्याकडचा गुळाचा पुडा काढला, बोटांनी एक खडा फोडला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "चघळ. बोलू नकोस. उठता येतंय का? धर मला. माझं वजन नाही, पण भिंतीपेक्षा मी बरी."

दोन खोल्यांच्या त्या घरात काळुराम आयुष्यात प्रथमच आत गेला. बाहेरून तो त्या घराला ओळखत होता; त्या नळाचे पाणी त्यानेच किती वेळा सोडले होते. शांताबाईंनी रात्रीच्या ज्वारीच्या भाकऱ्या कुस्करल्या, तेलात कांदा-मिरची टाकली, वर हळद, आणि दोन ताटल्यांत वाढले. एक त्याच्यासमोर, एक स्वतःसमोर.

"खा."

तो खाऊ लागला. पोटात ऊब जात होती हे त्याला समजत होते, दुसऱ्या कुणाच्या पोटाबद्दल समजावे तसे. हात थरथरायचे थांबले.

"तुझा बाप कधी 'नाय' बोलला नाही," शांताबाई म्हणाल्या. "आमचे हे रोज विचारायचे. बांधाच्या या टोकावरून. तुम्ही त्या टोकाला बसायचात."

"माहीत आहे."

"माहीत असायलाच पाहिजे. तू होतास ना त्या दिवशी?"

काळुराम होता. मिसरूड फुटायच्या वयाचा. आई आजारी होती, घरात चूल पेटली नव्हती, आणि बापलेक तसेच आगरात आले होते. बांधाच्या दुसऱ्या टोकावरून, फडके सोडता सोडता, धोंडिबाने हाक देऊन विचारले, "राघोदादा, न्यारी झाली का?" राघोने उत्तर दिले, "झाली." उन्हे चढल्यावर फळीने मीठ ओढता ओढता राघो खाऱ्या पाण्यात गुडघ्यांवर कोसळला. त्याला उचलून बांधावर आणणारा धोंडिबाच होता. त्याने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी पुढे केली. राघोने डोळे उघडले, भाकरीकडे पाहिले आणि मान हलवली. "झाली," तो पुन्हा म्हणाला. पाणीसुद्धा त्याने आपल्याच मडक्यातले मागितले. काळुरामने ते आणून दिले. धोंडिबाने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

म्हणजे त्या शब्दाची खरी नोकरी ही होती. ज्याच्या हातचे खायचे नाही त्याच्याशी गोड राहता यावे म्हणून "झाली" होते. एवढ्या वर्षांत काळुरामने याचा विचार केला नव्हता. आताही तो विचार त्याच्या मनात शिरला आणि नुसता उभा राहिला.

"आमचे हे म्हणायचे," शांताबाई भाकरीचा घास घेत म्हणाल्या, "राघो एक दिवस 'नाय' बोलेल. बिचारे वाट बघत गेले. आता तू बोललास तर ते नाहीत. बरं, मला सांग. सून घालत नाही का खायला?"

"घालते."

"मग?"

"विचारते."

"काय विचारते?"

"न्यारी झाली का."

शांताबाईंचा हात थांबला. "घरात?"

"घरात."

"अगं बाई!" त्या एकदम हसल्या, आणि पदराने तोंड पुसून गंभीर झाल्या. "आणि तू काय सांगतोस?"

"झाली."

"तिला कुणी सांगितलं का, की घरात हे विचारायचं नसतं?"

"नाय."

"टिटवाळ्याची पोर. तिला स्वप्न पडणार होतं? ती माया करते नि तू तिला बांधाच्या पलीकडे बसवलंस. बापाचा मुलगा खरा." त्यांनी त्याच्या ताटलीत आणखी वाढले. "संपव. आणि उद्या तिला खरं सांग. मला रोज जमायचं नाही, माझ्या भाकऱ्या मोजून असतात."

संध्याकाळी काळुराम बोलला नाही. देवेश आणि कृतिका थकून आली, जेवली, झोपली. बोलण्यासारखे काही आहे असेच त्याला वाटले नाही. एक शब्द तेवढा सांगायचा होता, आणि तो सांगण्यासाठी आधी प्रश्न यायला हवा होता.

सकाळी प्रश्न आला. कृतिका दाराशी एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायातल्या चपलेचा पट्टा लावत होती.

"बाबा, न्यारी झाली का?"

"नाय."

"छान. गोळी विसरू नका हं. येते."

दार लागले. काळुराम टेबलाशी बसून राहिला. त्याच्या बापाला आयुष्यभर उच्चारता न आलेला शब्द त्याने उच्चारला होता, आणि तो कुणाला ऐकू गेला नव्हता. त्याने गोळी हातात घेतली. डब्याकडे पाहिले. बाहेर कुत्रा येऊन बसला असेल, असे त्याच्या मनात आले.

फाटकाची कडी वाजली. मग पुन्हा वाजली. पायऱ्यांवर पावले आली आणि दार उघडले.

"बाबा, तुम्ही मगाशी काय बोललात?"

"नाय बोललो."

"नाही म्हणजे काही बोलला नाहीत, की 'नाही' असं बोललात?"

"न्यारी झाली नाय, असं बोललो."

कृतिका तिथेच उभी राहिली. "पण तुम्ही तर रोज… सगळे झालीच म्हणतात ना? मला वाटलं, ते गुड मॉर्निंगसारखं असतं."

"बाहेर असतं. घरच्या माणसाला विचारत नाहीत तसं."

"मग काय विचारतात?"

"काय नाय विचारत."

"आई काय म्हणायच्या?"

तो शब्द काळुरामने कित्येक महिन्यांत तोंडाने उच्चारला नव्हता. "'बस' म्हणायची," तो म्हणाला.

कृतिकेने घड्याळाकडे पाहिले. मग खांद्यावरची पर्स खुर्चीला अडकवली आणि फोन लावला. "मॅडम, मला आज थोडा उशीर होईल. नाही नाही, सगळं ठीक आहे. नाश्ता करतेय… हो, नाश्ताच. नंतर सांगते." फोन ठेवून ती वळली. तिला थोडे अवघडल्यासारखे झाले असावे.

"बसा, बाबा."

तो बसलेलाच होता. तरीही तो उठला आणि पुन्हा बसला.

"तू काय खातेस सकाळी?" त्याने विचारले.

"मी? कॉफी. मग ऑफिसात बिस्किटं वगैरे."

"दोन ताटल्या काढ."

तिने दोन ताटल्या काढल्या. पोहे डब्यात निवाले होते. तिने ते कढईत टाकून पाण्याचा हबका मारला, झाकण ठेवले, आणि वाफ आली तशी वाढले. काळुरामने गोळी घेतली. पहिला घास घेतला. त्याला जया आठवली नाही, गहिवरही आला नाही. तो चावत राहिला. दुसरा घास घेतला. तिसऱ्या घासाला तो थांबला आणि ताटलीकडे पाहू लागला.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"कमीच घालते ना. तुमच्या ब्लडप्रेशरसाठी डॉक्टरांनी सांगितलंय. आई गेल्यापासून असंच करतेय." कृतिका घास घेता घेता थबकली. "पण बाबा, इतक्या महिन्यांत तुम्ही कधी बोलला नाहीत."

काळुरामने उघड्या दारातून बाहेर पाहिले. पायरीवर काळा कुत्रा मान वाकडी करून आत बघत बसला होता. कृतिकेने त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिले. आधी कुत्र्याचे तोंड, मग त्याचे गोल झालेले पोट, मग सासऱ्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून वर आलेली हाडे.

"रोज?" तिने हळू विचारले.

"रोज."

"उपमासुद्धा?"

"उपमा त्याला जास्त आवडतो."

तिने कपाळावर हात मारला आणि तो हात तसाच डोळ्यांवर राहू दिला. ती हसत होती की रडत होती, हे काळुरामला कळले नाही, आणि ते विचारण्याइतके त्याच्यात अजून काही हलले नव्हते. थोड्या वेळाने ती उठली, मिठाची बरणी घेऊन आली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"अर्धी चिमूट. जास्त नाही."

काळुरामने चिमूट घेतली. आगरात पाहत तशी ती अंगठ्याने बोटावर चोळून पाहिली. बारीक होते मीठ, कोरडे, कारखान्यातले. त्याने ते पोह्यांवर टाकले आणि ताटली जवळ ओढली.